वंदनेची मेणबत्ती कोणत्या मेणाची? लातूरच्या पत्र्याच्या घरातले दहा महिने

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी घर झाडताना बुद्धमूर्तीमागची बाबासाहेबांची तसबीर खाली काढली. काचेवरून बोट फिरवलं तर बोट काळं झालं. भिंतीवर मेणबत्तीच्या उंचीपासून थेट पत्र्यापर्यंत काजळीचा पट्टा होता. सकाळ-संध्याकाळच्या वंदनेला आम्ही वर्षानुवर्षं किराणा दुकानातली पाकिटातली पांढरी मेणबत्ती लावतो. ती कशाची असते, हे मी तोवर कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

दीपपूजेच्या गाथेत आपण ‘घनसारप्पदित्तेन दीपेन तमधंसिना’ म्हणतो. घनसार म्हणजे कापूर. मेणाचं नाव गाथेत नाही, म्हणजे मेण कोणतं घ्यायचं हे आपल्यालाच ठरवायचं आहे. मी माझ्यापुरत्या पाच गोष्टी ठरवल्या. ज्योत स्थिर हवी, काजळी नको, वास नको, पंचशीलाला धक्का नको आणि मे महिन्यात मेणबत्ती आमच्या पत्र्याखाली उभी राहिली पाहिजे. जानेवारीपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे अख्खा वर्षावास (पावसाळ्यातला तीन महिन्यांचा साधनेचा काळ) धरून, पॅराफिन, सोया आणि मधमाशीचं अशी तीन मेणं आलटून पालटून वापरली. त्याचा हा अनुभव.

पॅराफिनला मी आधी मनात दोषी ठरवून मोकळी झाले होते. ते खनिज तेलातून निघतं, म्हणून काळा धूर देणारच, असं वाटायचं. पण महिनाभर नीट लक्ष ठेवलं तेव्हा दिसलं, की वात लांब झाली आणि वर पंखा चालू असला की कुठलंही मेण काजळी धरतं. ज्योतीला मेणाची वाफ पेलवेल त्यापेक्षा जास्त मिळाली की ती पुरती जळत नाही आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन भिंतीवर बसतो. पाकिटातल्या मेणबत्तीची वात मी रोज लावण्याआधी कात्रीनं पाऊण सेंटिमीटरच्या आत कापायला लागले. पुसलेल्या काचेवर महिनाभरात नावापुरती काजळी आली. हे मला वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

तरी पॅराफिनबद्दल एक गोष्ट मनाला लागून राहिली. मेणबत्ती कडक व्हावी म्हणून त्यात बहुतेकदा स्टिअरिन मिसळतात. ते पामतेलापासूनही होतं आणि जनावराच्या चरबीपासूनही. दोन दुकानदारांना विचारलं, दोघांनाही सांगता आलं नाही. वंदनेच्या वेळी ‘पाणातिपाता वेरमणी’, म्हणजे जीवहत्या करणार नाही, असं म्हणताना समोर चरबीची मेणबत्ती असू नये, एवढंच माझं म्हणणं. ज्यांना याचं काही वाटत नाही त्यांनी हा भाग सोडून द्यावा.

सोया मेणाकडे वळायला मला घरचंच कारण होतं. औशाकडच्या शेतात आमचं सोयाबीन असतं. दाण्यात अठरा ते वीस टक्के तेल. त्या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की ते घट्ट होतं, तेच हे मेण. आपण ज्या पिकाची पोती लातूरच्या आडतीवर नेऊन भावासाठी ताटकळत बसतो, त्याच्याच तेलाची मेणबत्ती मूर्तीसमोर जळते, याचा मला खरंच आनंद झाला. मेणाचे पापडीसारखे तुकडे किलोवर मिळतात. मला ते पॅराफिनच्या दुपटीहून महाग पडले. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं भांडं, असं ठेवून वितळवायचे. भांडं थेट गॅसवर ठेवू नका आणि मेणानं पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, झाकण घाला. कापसाची विणलेली वात मधोमध धरून काचेच्या ग्लासात ओतलं की झालं.

पहिल्या ग्लासाला मी एक चूक केली. वंदना आटोपताच दहा मिनिटांत विझवला. दुसऱ्या दिवशीपासून मेण फक्त मधेच वितळायला लागलं, वातीभोवती विहीर पडली आणि कडेचं अर्धं मेण तसंच राहिलं. सोयाला पहिल्यांदा लावल्यावर काठापर्यंत वितळू द्यावं लागतं. आमच्या ग्लासाला दोन तास लागतात. म्हणून नवा ग्लास मी पौर्णिमेलाच सुरू करते. त्या दिवशी उपोसथ, म्हणजे व्रताचा दिवस, असतो, वंदना, सुत्तपठण आणि ध्यान मिळून तेवढा वेळ आपोआप होतो. मेणावर पांढरे डाग, कळ्या दिसल्या तर घाबरू नका. सोयाचं स्फटिक तसंच बनतं, जळण्यात फरक पडत नाही.

आनापानाला, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाला, सोया मला सगळ्यांत मानवलं. ज्योत बुटकी, शांत, डोळ्यांवर न येणारी. पण सुवासिक घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगते. लव्हेंडरची एक तयार मेणबत्ती आणली होती. आनापानात सगळं लक्ष नाकपुडीपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर ठेवायचं असतं आणि नेमका तिथेच तो वास येऊन बसतो. पंधरा दिवस मी श्वास सोडून वासच बघत होते. शिवाय अत्तराच्या तेलानं वातीवर गाठ धरते आणि काजळीही वाढते. सात रंगांच्या, सात चक्रांच्या म्हणून विकतात त्यांत रंग असतो. तो जास्त झाला तर वातीत अडकतो. साधी पांढरी घ्या.

आता उन्हाळा. लातूरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखाली दुपारी त्याहूनही जास्त होतं. ग्लासात ओतायचं सोया साधारण पंचेचाळीस ते पन्नास अंशांना वितळतं. १४ एप्रिलला भीमजयंतीसाठी मोठ्या हौसेनं सोयाच्या उभ्या मेणबत्त्या साच्यातून काढल्या होत्या. दुपारी बघते तर सगळ्या माना टाकून बसलेल्या. आई म्हणाली, “बाई, ह्या तर आपल्याआधीच वंदनेला वाकल्या.” मला मात्र रडू आलं, दोन दिवसांचं काम होतं ते. तेव्हापासून उन्हाळ्यात सोया फक्त ग्लासात. साठाही माठाजवळच्या गार फरशीवर, ओल्या पोत्याशेजारी डब्यात. वैशाख पौर्णिमेच्या संध्याकाळी तिथून काढलेला ग्लास व्यवस्थित जळला, फक्त मेण लोण्यासारखं मऊ होतं.

त्या उन्हात ताठ उभं राहिलं ते मधमाशीचं मेण. ते बासष्ट ते चौसष्ट अंशांना वितळतं. त्याची ज्योत सोनेरी आणि उभी, मधाचा अगदी पुसट वास आणि बोटाएवढी मेणबत्तीही खूप वेळ पुरते. शेजारच्या काकू योगाच्या वर्गात त्राटक शिकल्या आहेत, हातभर अंतरावर डोळ्यांच्या उंचीला ज्योत ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघतात. त्यांनी तिन्ही लावून पाहिल्या आणि त्यांना हीच आवडली, कारण ज्योत लवलवत नाही. मात्र हिला वात जाड लागते. बारीक वातीनं मेण ओढलं जात नाही आणि ज्योत बुडते.

पण याच मेणावर मी सगळ्यांत जास्त अडले. लहानपणी गावाच्या ओढ्याकाठच्या वडावरचं आग्या मोहोळ काढताना मी पाहिलंय. रात्री पेटता टेंभा लावायचे, माशा जळून खाली पडायच्या आणि पोळं अळ्यांसकट पिळायचे. त्या पोळ्याचं मेण बुद्धासमोर कसं लावायचं? पेटीतल्या मधमाशांचं तसं नसतं. मध काढताना घरांवरची मेणाची झाकणं सुरीनं खरवडतात, चौकट यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं परत पेटीत ठेवतात. त्या झाकणांचं मेण मिळतं. सूर्यफुलाच्या हंगामात पेट्या घेऊन आलेल्या एका मधपाळाकडून मी दीड किलो घेतलं, पॅराफिनच्या चौपट भावानं. एवढ्या मेणासाठी माशांना त्याच्या कितीतरी पट मध खर्ची घालावा लागतो, हे त्यांनी सांगितल्यावर भाव जास्त वाटला नाही.

त्याआधी ऑनलाइन ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहिलेलं मागवलं होतं, त्यात फसले. खऱ्या मेणावर थंडीत पांढुरकी भुरी येते, कापडानं पुसली की जाते. तुकडा मोडला तर कडा रवाळ दिसते, तळहातात धरला तर मऊ होऊन चिकटतो. मागवलेल्या पिवळ्या कांड्यांना यातलं काहीच नव्हतं, वास मात्र उग्र.

विहारात विषय काढला तेव्हा एका उपासिकेनं विचारलं, “ताई, सोयाबीनवर आपण चार-चार फवारे मारतो, त्यात किडे मरत नाहीत का?” प्रश्न खरा आहे. माझ्याजवळ त्याला पूर्ण उत्तर नाही. पण त्या प्रश्नानंच मला एक गोष्ट दाखवली. आषाढात पहिल्या मोठ्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी दिव्यावर झेपावते. मी मेण अहिंसक शोधत होते आणि ज्योतीत रोज जीव जळत होते. माळ्यावरच्या जुन्या कंदिलाची काच काढली, खालून हवा जायला तीन नाण्यांवर टेकवली आणि वर चहाची स्टीलची जाळी ठेवली. किडे थांबले. वर ज्योतही इतकी स्थिर झाली, की पंखा हळू चालू ठेवता येतो. जाळी फार तापते, हात लावू नका.

विझवताना फुंकर मारत नाही. केसांच्या आकड्यानं वात वितळलेल्या मेणात बुडवून परत उभी करायची. धूर होत नाही, वातीला मेण लागतं आणि सकाळी ती लगेच पेटते.

सध्या घरी असं चालतं. रोजच्या वंदनेला आणि आनापानाला सोयाचा ग्लास. चैत्र ते ज्येष्ठ मधपाळाकडचं मेण, तेही फक्त पौर्णिमेला आणि अष्टमीला, कारण रोज परवडत नाही. विहारात जयंतीला शेकडो जण मेणबत्ती लावतात, तिथे पॅराफिनच राहणार आणि त्यात मला गैर काही वाटत नाही. आम्ही फक्त वाळूचा ट्रे आणि कात्री ठेवली आहे आणि उरलेले तुकडे गोळा करून पुन्हा ओततो.

आई अजून कुरकुरते. तिच्या मते काचेतली मेणबत्ती वंदनेची वाटतच नाही, ज्योत उघडी दिसली पाहिजे. म्हणून अश्विन पौर्णिमेला, वर्षावास संपला त्या संध्याकाळी, तिच्यासाठी मधमाशीच्या मेणाची एक कांडी काच न लावता मूर्तीसमोर उभी केली. पाऊस उघडला होता, किडे नव्हते. ती तासभर समोर बसून होती.