बर्कशायर योमनरीचा बिल्ला आणि माझे 547 पौंड 50 पेन्स

ब्रिटिश राखीव सैन्याच्या सिग्नल्स (संदेशवहन) तुकडीचं ‘1940 सालचं’ सामान कुणी विकत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे गेले ते असे: 385 पौंड सामानाचे, 22.50 विम्यासह टपालाचे आणि सौदा ठरल्यावर उकळलेले 140 ‘तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राचे’. त्या 140 पौंडांची आठवण झाली की अंगाचा तिळपापड होतो. प्रमाणपत्राचे पैसे विकणाराच मागू लागला तर तिथेच फोन ठेवा.

मी काही नवशिका नाही. वडील आपल्या भारतीय लष्कराच्या सिग्नल्समधले, जबलपूरला ट्रेनिंग झालेले. आपल्या कोअरच्या (दलाच्या) चिन्हातला मर्क्युरी, म्हणजे रोमन देवांचा दूत, ब्रिटिश रॉयल सिग्नल्सच्या बिल्ल्यावरही आहे, म्हणून इंग्लंडला आल्यावर हा नाद लागला.

सामानात मर्क्युरीचा बिल्ला होता, बर्कशायर योमनरीचा (मूळची घोडदळाची राखीव पलटण) बिल्ला होता, त्यावर अफिंग्टनच्या टेकडीवर कोरलेला पांढरा घोडा आणि एक पिवळट, टाइप केलेला कागद: ‘94 (बर्कशायर योमनरी) सिग्नल स्क्वॉड्रन, 1940’. याच योमनरीच्या फ्रेड पॉट्सनं 1915 मध्ये गॅलिपोलीला जखमी सोबत्याला फावड्यावर घालून ओढत मागे आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. विकणाऱ्यानं ते फोनवर असं सांगितलं की ऐकतच राहावं. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि हे लोक खरी गोष्ट पुढे करूनच खोटा माल खपवतात.

तो कागद हातात धरला तेव्हाच कळायला हवं होतं! 1940 मध्ये ही योमनरी तोफखान्यात होती. 1967 च्या आधी तिचं सिग्नल स्क्वॉड्रन अस्तित्वातच नव्हतं. बिल्लाही तसाच. 1946 पर्यंतच्या मर्क्युरीभोवती कोअरचं नाव कोरलेलं लंबगोल कडं असायचं. माझ्या बिल्ल्यावर कडं नाही, खाली ‘सर्टा सिटो’ या कोअरच्या ब्रीदवाक्याची पट्टी. वर मुकुट, त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या. म्हणजे एलिझाबेथ राणीचा, 1952 नंतरचा. राजाच्या मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या वर उठतात. आता चार्ल्सचा मुकुटही तसाच घुमटाचा आहे, तेव्हा नवाकोरा बिल्लाही ‘युद्धकाळातला’ म्हणून गळ्यात मारतील. जपून.

मी विचारलं नाही असं नाही. ‘टेरिटोरियलवाल्यांना (म्हणजे राखीव सैन्याला) वेगळा साचा मिळायचा,’ असं विकणाऱ्याचं ठणकावून उत्तर आलं. योमनरीच्या तुकड्या आपली जुनी चिन्हं खरोखरच जपतात, मग माझ्या जागी कुणाला शंका आली असती?

बँकेचं तर काय सांगू! फसवून पैसे ट्रान्सफर करायला लावले तर बँकेनं भरपाई द्यावी, असा नियम ऑक्टोबर 2024 पासून इथे आहे. पण ‘वस्तू पोहोचली ना? मग हा तुमचा खासगी वाद,’ म्हणून फाईल बंद. पोलिसांनी तक्रार क्रमांक दिला आणि पुढे एक छापील पत्र: तपास होणार नाही. मुकुटाचे फोटो, तारखा, बोलण्याचे स्क्रीनशॉट, सगळं जोडलं होतं. कुणी उघडूनही पाहिलं नाही. एका साहेबांनी तर मलाच विचारलं, एवढ्याशा पत्र्याला इतके पैसे दिलेच कशाला? चोराला सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

थेट बँक ट्रान्सफर करू नका, क्रेडिट कार्डानं द्या. बिल्ल्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागा.

तो माणूस आता दुसऱ्या नावानं विकतोय. कागद तोच, उजव्या कोपऱ्यात चहाचा अर्धगोल डाग आहे. दिसला तर पैसे पाठवू नका आणि मला कळवा.