पॉलिएस्टर की इपॉक्सी? घरच्या स्पोर्ट्स कारची बॉडी

1953 ची कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार फायबरग्लासच्या, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिनच्या बॉडीसह आली. तेव्हापासून घरी गाडी घडवणाऱ्यांचाही हाच लाडका माल. प्रश्न रेझिनचा, म्हणजे तंतूंना धरून कडक होणाऱ्या चिकट द्रवाचा.

पॉलिएस्टर स्वस्त. कूलरच्या टाक्यांवर फायबर मारणाऱ्या कारागिरांचा हात त्यावर बसलेला असतो, त्यामुळे नागपुरात शिकवणारा सापडतो. हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) साधारण 1 ते 2 टक्के, आणि खरी गंमत इथेच आहे. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की दोन टक्क्यांचं मिश्रण ब्रश फिरेपर्यंत मगातच जेली होतं. मी दोन मग असेच फेकले. आता पहाटे पाचला काम, हार्डनर एक टक्क्याजवळ, आणि एका वेळी थोडंच कालवायचं. एक गोष्ट जिवावरची: कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो.

इपॉक्सी महाग, पण आकसतं कमी आणि चिकटतं घट्ट. थर्माकोल कोरून आकार काढणार असाल तर इपॉक्सीच घ्या. पॉलिएस्टरमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं. मात्र इथे हार्डनर कमी-जास्त करून वेळ जुळवता येत नाही, प्रमाण ठरलेलं. साध्या चॉप्ड मॅटऐवजी (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) विणलेलं काचकापड लागतं.

माझं मत? साचा असेल तर पॉलिएस्टर. एकच गाडी थर्माकोलवरून करायची असेल तर इपॉक्सी, तेही हिवाळ्यात. आणि भाऊ, रस्त्यावर काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा.