पीजीडंप की बेसबॅकअप?

पोस्टग्रेस या डेटाबेसचा बॅकअप म्हटला की आधी पीजीडंपच आठवतो, म्हणजे टेबलं आणि डेटा बाहेर काढून देणारं साधन. दुसरा रस्ता बेसबॅकअपचा: सर्व्हरच्या डेटा फाइलींचीच जशीच्या तशी प्रत. क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारा) लावला, रात्री दोनला फाइल तयार, सुटलो. डेटाबेस वीस-तीस जीबीचा असेल आणि दिवसभराचं काम पुन्हा भरून घेणं परवडत असेल, तर पुढे वाचायचीही गरज नाही. फक्त डिरेक्टरी फॉरमॅट घ्या, म्हणजे डंप आणि रिस्टोअर दोन्ही समांतर चालतात. आणि पीजीडंपऑलने रोल (डेटाबेसचे युजर) वेगळे काढून ठेवा. ते डंपमध्ये येत नाहीत, हे नव्या सर्व्हरवर एररची रांग लागली की कळतं.

डंपमधून एकच टेबल परत आणता येतं, तो नव्या मेजर व्हर्जनवर चढतो, आणि बिघडलेला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) त्यातून नव्याने बांधला जातो. बेसबॅकअपला हे जमत नाही. तिथे अख्खा क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) उचलायचा, तोही त्याच मेजर व्हर्जनवर. नव्या ओएसवर ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, अक्षरांचा क्रम तीच ठरवते) बदलली असेल तर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करणं आलंच.

तरी माझं पारडं बेसबॅकअपकडे झुकतं, ते एका कटकटीमुळे. दुपारी ३:४० ला कुणीतरी ‘वेअर’ (कुठल्या ओळी, ही अट) न लावता अपडेट चालवतो. डंपमध्ये तो सुरू झाला त्या क्षणाचाच डेटा असतो, म्हणजे रात्री दोनपासूनच्या १३ तास ४० मिनिटांच्या नोंदी गेल्या. बेसबॅकअपच्या जोडीला वॉल फाइलींचं, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदींचं, आर्काइव्ह असेल तर ३:३९ ला थांबता येतं.

बेस वेगळ्या मशीनवर उतरवा, रिस्टोअर कमांड (आर्काइव्हमधून वॉल फाइली आणणारी) आणि रिकव्हरीची वेळ द्या, ‘रिकव्हरी.सिग्नल’ नावाची रिकामी फाइल ठेवा आणि सर्व्हर सुरू करा. ठरल्या वेळेशी पोचून तो थांबतो, आणि डेटा नुसता वाचता येतो. वेळ फारच आधीची निघाली तर बंद करून पुढची द्या. मागे मात्र जाता येत नाही, बेस पुन्हा उतरवावा लागतो. डेटा बरोबर दिसला की तेवढं एक टेबल काढायला पीजीडंपच वापरा!

वेळ लिहिताना ‘आयएसटी’ लिहू नका. पोस्टग्रेसच्या मूळ यादीत ते इस्रायलचं आहे. सरळ +०५:३० लिहावं. सर्व्हरचा लॉग यूटीसीमध्ये असेल तर साडेपाच तासांचा घोळ वेगळाच.

वेळेच्या बाबतीत माझा अनुभव असा की मोठ्या डंपच्या रिस्टोअरमध्ये डेटा भरभर चढतो आणि इंडेक्स बांधण्यातच रात्र जाते. त्यावर अ‍ॅनालाइझ (क्वेरी आखायला लागणारी आकडेवारी गोळा करणारी कमांड) चालवायला विसरलात तर सकाळी क्वेऱ्या रांगतात. शिवाय डंप चालू असेपर्यंत त्याचा स्नॅपशॉट (सुरुवातीच्या क्षणाचं चित्र) उघडा राहतो आणि सफाई करणाऱ्या व्हॅक्यूमला तेव्हापासून मेलेल्या, म्हणजे खोडलेल्या किंवा बदललेल्या, ओळी साफ करता येत नाहीत.

बेसबॅकअपची बाजूही काही निर्मळ नाही. आर्काइव्ह कमांड फेल होत राहिली की वॉल फाइली साचतात, डिस्क भरते आणि सर्व्हर पॅनिक होऊन बसतो. त्या हाताने उडवायच्या नाहीत, आधी कमांड दुरुस्त करायची. पीजी_स्टॅट_आर्काइव्हर या आर्काइव्हची स्थिती दाखवणाऱ्या तक्त्यातल्या फेल्ड काउंटवर अलर्ट हवाच. डंपवरही हवा: जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचा डेटा चुकून उडाला, तेव्हा कळलं की डंप होतच नव्हते. पीजीडंप ९.२ चा, सर्व्हर ९.६ चा, आणि एरर कळवणारे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते.

कमी वर्दळीच्या सर्व्हरवर १६ एमबीची वॉल फाइल लवकर भरत नाही, आणि भरल्याशिवाय आर्काइव्हलाही जात नाही. म्हणून आर्काइव्ह टाइमआउट (एवढ्या वेळाने फाइल अर्धवट असली तरी पाठवायची) ३०० सेकंद ठेवावा. थोडंफार लिखाण चालू असेल तर दिवसाला २८८ फाइली होतात, म्हणजे सुमारे ४.६ जीबी. अर्धवट भरलेल्या फाइली कॉम्प्रेस केल्या की अगदी लहान होतात, तेव्हा जागेसाठी हात आखडू नका.