एम-टूचा क्लास: सर भारी, बॅच नको
फर्स्ट इयर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सेमला एम-टूसाठी (इंजिनिअरिंग मॅथ्सचा दुसरा पेपर) पुण्यात कॉलेजजवळचा एक क्लास लावला होता. सर खरंच भारी, डबल इंटिग्रलची ऑर्डर बदलायची तर आधी रीजन (ज्या भागावर इंटिग्रेट करायचं तो) काढायचा, मग उभी पट्टी पुसून आडवी मारायची की लिमिट्स आपोआप दिसतात, कॉलेजात दोन लेक्चर बसून जे डोक्यावरून गेलं ते इथे २० मिनिटांत कळलं. गॅमा हाफ (गॅमा फंक्शनची १/२ ला किंमत) म्हणजे रूट पाय का, तेपण पोलर कोऑर्डिनेट्समध्ये जाऊन काढून दाखवलं, नुसतं पाठ करा म्हणाले नाहीत. पण एका खोलीत ८० पोरं, मागे बसलं की थीटा आणि शून्य सेमच दिसतं!! कर्व्ह ट्रेसिंग (समीकरणावरून वक्राचा आकार काढणं) तर शेवटच्या रविवारी कसंबसं उरकलं, कार्डिऑइड (बदामासारखा वक्र) आणि लेम्निस्केटची (आडव्या इंग्रजी आठसारखा) नुसती खिचडी. नोट्सचे पैसे वेगळे, वर उत्तरं चुकलेली. लावणार असाल तर लवकर जाऊन पुढचा बाक पकडा.