जुनं सॉफ्टवेअर, नवं विंडोज: कॉम्पॅटिबिलिटी टॅब कुठवर साथ देतो

विंडोज ११ वर कुठल्याही सेटअप फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की कॉम्पॅटिबिलिटी नावाचा टॅब दिसतो. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून तो जवळपास त्याच रूपात आहे. जुनं सॉफ्टवेअर टाकायची वेळ आली की बहुतेकांचा हात आधी तिथेच जातो. एक्सपी निवडून पाहायचं, मग विंडोज ९८, मग विंडोज ७, आणि काहीच लागू पडलं नाही की टॅबला नावं ठेवायची. ही सोय मुळात चांगली आहे. फक्त ती कोणत्या दुखण्यावरचं औषध आहे हे विंडोज कुठेच सांगत नाही.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. 'सॉफ्टवेअर चालत नाही' असं म्हटलं जातं तेव्हा पुष्कळदा सॉफ्टवेअर ठणठणीत असतं, अडून बसलेला असतो तो त्याचा इन्स्टॉलर. म्हणून इन्स्टॉलरचा आणि प्रोग्रॅमचा विचार वेगवेगळा करायचा. टॅबमधली सेटिंग्जही वेगळीच राहतात: सेटअप फाइलला लावलेला मोड इन्स्टॉल झालेल्या प्रोग्रॅमला आपोआप लागत नाही. प्रोग्रॅम तसाच नीट चालत असेल तर त्याला कोणताही मोड लावू नये.

या टॅबमुळे विंडोज जुनं होत नाही. प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्यामध्ये एक पातळ थर बसतो, त्याला शिम म्हणतात. प्रोग्रॅमने 'ही कोणती आवृत्ती?' असं विचारलं की शिम निवडलेल्या मोडप्रमाणे उत्तर देतो. एक्सपी निवडलं असेल तर ५.१, विंडोज ७ असेल तर ६.१. जुन्या इन्स्टॉलरमध्ये आवृत्ती तपासण्याचा कोड फार ढिसाळ असायचा. मुख्य आकडा (टिंबाआधीचा) ५ किंवा जास्त आणि दुय्यम आकडा (टिंबानंतरचा) १ किंवा जास्त अशी अट लिहिली, तर व्हिस्टाच्या ६.० लाच ती फसते. अशा ठिकाणी हा टॅब अचूक काम करतो. शिवाय त्या मोडमध्ये मेमरी, फाइलचे पत्ते, अ‍ॅडमिनची तपासणी यांसाठीचे आणखी काही शिम एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे नुसत्या आकड्यापेक्षा जास्त फरक पडतो. ६४ बिट प्रोग्रॅमला मात्र यादी व्हिस्टापासूनच सुरू होते, हे पाहून गोंधळू नये.

टॅबच्या वरच्या बाजूला असलेलं ट्रबलशूटरचं बटण मात्र वगळलेलं बरं. तो एक मोड स्वतःच निवडतो, 'चाचणी घ्या' म्हणतो आणि काय बिघडलं होतं याबद्दल अवाक्षर काढत नाही. मोड हातानेच निवडावा. सॉफ्टवेअरच्या खोक्यावर किंवा मॅन्युअलमध्ये शेवटची जी विंडोज आवृत्ती छापली असेल, तीच निवडायची.

आता जिथे टॅबचं काहीच चालत नाही त्या गोष्टी. पहिली आणि सर्वात मोठी म्हणजे विंडोज ३.१ च्या काळातली १६ बिट फाइल. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिट प्रोग्रॅम सुरूच होत नाही. 'हे अ‍ॅप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. कारण साधं आहे. ६४ बिट विंडोजमधल्या हँडलला, म्हणजे खिडकी, फाइल अशा गोष्टींना विंडोज देतं त्या ओळख क्रमांकाला, ३२ बिट लागतात, ती १६ बिट प्रोग्रॅमच्या हाती दिली तर अर्धी कापली जातील. त्यात प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये असताना १६ बिट कोड चालवणारा जुना व्हर्च्युअल ८०८६ मोडही उपलब्ध नसतो. इथे कोणताही मोड निवडला तरी निकाल तोच.

घोळ असा की १९९० च्या दशकातली कितीतरी सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिट आहेत, पण त्यांची सेटअप फाइल १६ बिट आहे, कारण तीच डिस्क विंडोज ३.१ वरही चालावी लागायची. ओळखायचं असेल तर फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडावी. सुरुवातीला एमझेड ही अक्षरं सगळ्यांमध्येच असतात. त्याच्या थोडं खाली एनई दिसलं तर १६ बिट, पीई दिसलं तर ३२ किंवा ६४ बिट.

यातल्या काही इन्स्टॉलरची सोय मायक्रोसॉफ्टने आधीच करून ठेवली आहे. इन्स्टॉलशील्डची ५ मालिका आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अ‍ॅक्मे सेटअप, आवृत्ती १.२, २.६, ३.० आणि ३.१, हे ओळखून ६४ बिट विंडोज त्यांच्या जागी गुपचूप ३२ बिट इंजिन चालवतं. म्हणून काही जुन्या सीडी आश्चर्यकारकरीत्या सरळ इन्स्टॉल होतात. इन्स्टॉलशील्ड ३ या यादीत नाही. तिथे सीडीतलं सगळं एका फोल्डरमध्ये कॉपी करून मूळ सेटअप फाइलच्या जागी त्याच आवृत्तीचं ३२ बिट इंजिन ठेवावं लागतं. सीडीवरून थेट चालवू नका, फाइल बदलताच येणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ओटीव्हीडीएम, ज्याला वाइनव्हीडीएम असंही म्हणतात. हे मोफत, मुक्त स्रोत साधन वाइनच्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) १६ बिट कोडवर उभं आहे आणि त्यात प्रोसेसरचं एम्युलेशन आहे. झिप उघडून फोल्डर कुठेही ठेवायचा आणि १६ बिट सेटअप फाइल त्यातल्या ओटीव्हीडीएमडब्ल्यू फाइलवर ओढून सोडायची. सोबतच्या इन्स्टॉल फाइलने नोंदणी केली तर पुढे १६ बिट फाइल नुसत्या डबल क्लिकनेही उघडते. साध्या सेटअपसाठी हे अप्रतिम आहे आणि कॉम्पॅटिबिलिटी टॅबची सर्वात मोठी उणीव तेच भरून काढतं. इन्स्टॉल करताना जागा मात्र सी ड्राइव्हच्या मुळाशी, आठ अक्षरांच्या आतल्या, स्पेस नसलेल्या फोल्डरची द्यावी. त्या काळचे इन्स्टॉलर आठ अधिक तीन अक्षरांच्याच नावांवर वाढलेले आहेत. विंडोज ९५-९८ च्या काळातला व्हीएक्सडी ड्रायव्हर मागणारं सॉफ्टवेअर यावरही चालणार नाही.

मग एमएसआय पॅकेज, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर सेवेने उघडणारी सेटअप फाइल. इथे विंडोजची आवृत्ती व्हर्जनएनटी नावाच्या प्रॉपर्टीतून पाहिली जाते, आणि विंडोज १० किंवा ११ वर तिची किंमत ६०३ येते, म्हणजे ८.१ चाच आकडा. पॅकेजमध्ये 'फक्त एक्सपी' अशी अट असेल तर इन्स्टॉल तिथेच थांबतं. विंडोज एसडीके या प्रोग्रॅमरसाठीच्या संचासोबत येणाऱ्या ऑर्का या साधनात पॅकेजची प्रत उघडावी, लाँचकंडिशन टेबलमधली ती एक ओळ काढावी आणि सेव्ह करावं. मूळ फाइलला हात लावू नये, कारण बदललेल्या प्रतीची डिजिटल सही निकामी होते. अट कुठली आडवी येते ते कळत नसेल तर एमएसआयएक्झेक चालवताना सविस्तर लॉग मागवावा. त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधायचं, खरं कारण त्याच्या लगेच वर लिहिलेलं असतं. आंधळेपणाने मोड बदलत बसण्यापेक्षा ही दहा मिनिटं सत्कारणी लागतात.

'डिस्कवर जागा अपुरी आहे' हा संदेश शेकडो जीबी मोकळे असतानाही येतो. जुना इन्स्टॉलर मोकळी जागा ३२ बिट आकड्यात मोजतो, आणि २ किंवा ४ जीबीच्या पुढे तो आकडा उलटून ऋण किंवा अगदी लहान होतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये १ जीबीची व्हीएचडी, म्हणजे फाइलच्या रूपातली आभासी डिस्क, तयार करून तिला ड्राइव्हचं अक्षर द्यावं आणि तिथे इन्स्टॉल करावं. मोकळ्या जागेचा आकडा मर्यादेत दाखवणारा शिमही आहे. तो एकटा कसा लावायचा ते पुढे येईल.

टॅबमधली 'रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' ही चौकट इन्स्टॉलरसाठी योग्य, प्रोग्रॅमसाठी घातक ठरू शकते. व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्सच्या आत साध्या यूजरला लिहिता येत नाही. जुना ३२ बिट प्रोग्रॅम तिथे डेटा लिहायला गेला की विंडोज तो गुपचूप त्या यूजरच्या व्हर्च्युअलस्टोअर फोल्डरमध्ये वळवतं. हे प्रत्येक यूजरसाठी वेगळं असतं, म्हणून एकाने केलेल्या नोंदी दुसऱ्याला दिसत नाहीत. आणि प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून चालवला की वळवणं बंद होतं, तो मूळ फोल्डर वाचतो आणि कालपर्यंतचा सगळा डेटा गायब झाल्यासारखा वाटतो. डेटा गेलेला नसतो, लोकल अ‍ॅप डेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडून असतो. हिशेबाची, साठ्याची, रुग्णनोंदीची जुनी सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. असलं सॉफ्टवेअर पहिल्यापासूनच प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर टाकावं आणि त्या फोल्डरला यूजर्ससाठी मॉडिफाय परवानगी द्यावी. अ‍ॅडमिन म्हणून चालवल्यास मॅप केलेले नेटवर्क ड्राइव्हही दिसेनासे होतात, हाही त्याच चौकटीचा परिणाम.

इन्स्टॉल पूर्ण झाल्यावर प्रोग्रॅम उघडत नसेल तर बहुधा एखादा घटक कमी असतो, आणि त्यालाही मोड हे उत्तर नाही. डॉट नेट २.० किंवा ३.० मागत असेल तर डॉट नेट ३.५ चं फीचर चालू करावं, त्यात दोन्ही येतात. इंटरनेट नसेल तर विंडोजच्या त्याच आवृत्तीच्या इन्स्टॉलेशन डिस्कमधला सोर्सेसमधला एसएक्सएस फोल्डर डिझम या विंडोजचे घटक बसवणाऱ्या कमांडला दाखवावा. दुसऱ्या आवृत्तीचा चालत नाही. जुन्या खेळांना डी३डीएक्स९ च्या फाइल लागतात, त्या जून २०१० च्या डायरेक्टएक्स रनटाइममध्ये मिळतात. डायरेक्टप्ले हे विंडोज फीचर्सच्या यादीत लेगसी कंपोनंट्सखाली सापडेल. व्हिज्युअल बेसिक ६ चं मूळ रनटाइम विंडोजमध्ये आहेच, कमी पडतात त्या ओसीएक्स फाइल, म्हणजे बटणं, याद्या असे तयार भाग पुरवणाऱ्या फाइल. एरर ३३९ दिसला तर ती ओसीएक्स मूळ सीडीवरून सिसवाओ६४ फोल्डरमध्ये ठेवून तिथल्याच रेगएसव्हीआर३२ ने, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून नोंदवावी. नाव काहीही सुचवो, सिसवाओ६४ मध्ये ३२ बिट फाइल असतात आणि सिस्टिम३२ मध्ये ६४ बिट. एकेक डीएलएल वाटणाऱ्या अनोळखी साइटवरून फाइल घेऊ नयेत.

ड्रायव्हर हा विषय दोन वाक्यांत संपतो. शिम फक्त प्रोग्रॅमच्या पातळीवर काम करतो, कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, त्याला प्रवेश नाही, आणि ३२ बिट ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर लोड होतच नाही. याच कारणाने जुन्या डाँगलना (परवाना तपासण्यासाठी पीसीला लावायच्या छोट्या उपकरणांना) निर्मात्याचा नवा ड्रायव्हर हवाच, आणि सेफडिस्क हे नक्कल रोखणारं संरक्षण असलेल्या सीडी विंडोज १० पासून चालत नाहीत, त्यांचा सेकड्रव्ह ड्रायव्हरच वगळला आहे.

दिसण्याच्या तक्रारींवर मात्र हा टॅब मनापासून शिफारस करावा असा आहे. २५६ रंगांच्या प्रोग्रॅमसाठी ८ बिट रंग, जुन्या मल्टिमीडिया सीडीसाठी ६४० बाय ४८०. मोठ्या रिझोल्यूशनच्या पडद्यावर अक्षरं बारीक किंवा कापलेली दिसत असतील तर हाय डीपीआय सेटिंग्जमध्ये ओव्हरराइड चालू करून आधी 'सिस्टिम (एनहान्स्ड)' पाहावं. खिडकीतलं चित्र विस्कटलं तर नुसतं 'सिस्टिम' घ्यावं, अक्षरं थोडी पुसट होतील पण मांडणी टिकेल.

ज्यांना हे काम वरचेवर करावं लागतं त्यांनी टॅबवर थांबू नये. विंडोज एडीकेमध्ये कॉम्पॅटिबिलिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मोफत मिळतो. त्याच्या ३२ आणि ६४ बिट अशा दोन आवृत्त्या आहेत, प्रोग्रॅम ज्या प्रकारचा असेल तीच उघडायची. इथे मोडचं अख्खं गाठोडं न लावता हवा तो एकच शिम लावता येतो. मोकळ्या जागेसाठी इम्युलेटगेटडिस्कफ्रीस्पेस, संरक्षित सिस्टिम फाइलवर लिहायला जाऊन आपटणाऱ्या इन्स्टॉलरसाठी डब्ल्यूआरपीमिटिगेशन, अ‍ॅडमिन आहात का असं उगाच विचारणाऱ्या प्रोग्रॅमसाठी फोर्सअ‍ॅडमिनअ‍ॅक्सेस. अशा शिमची नोंद ठेवणारी, तयार झालेली एसडीबी फाइल एसडीबीइन्स्ट कमांडने दुसऱ्या पीसीवरही बसवता येते. शिकायला एखादी संध्याकाळ जाते, पण टॅबपेक्षा हे कितीतरी सरस साधन आहे आणि मायक्रोसॉफ्टने ते इतकं आत दडवून ठेवायला नको होतं.

जुने अँटिव्हायरस, डिस्क विभागणारी साधनं आणि बॅकअपची साधनं यांना कोणताही मोड लावून रेटू नये, डेटाच जाऊ शकतो.

हे सगळं करूनही अडलं तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे पीसीच्या आत आभासी पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सपी. ५१२ एमबी मेमरी आणि १० जीबी डिस्क पुरते. आभासी डिस्क साटा या नव्या प्रकारच्या कंट्रोलरला जोडू नये, एक्सपीकडे त्याचा ड्रायव्हर नसतो आणि सेटअप निळ्या पडद्यावर मरतं, म्हणून जुना आयडीई कंट्रोलर घ्यावा. एक्सपी बसल्यावर गेस्ट अ‍ॅडिशन्स (शेअर्ड फोल्डरसारख्या सोयी देणारा व्हर्च्युअलबॉक्सचा संच) टाकून स्नॅपशॉट, म्हणजे मशिनची त्या क्षणाची परत येता येईल अशी प्रत, घ्यावा आणि मगच जुनं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करावं. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले आहेत, तेव्हा त्या मशिनचं नेटवर्क अ‍ॅडॉप्टर काढून ठेवावं आणि फाइलची देवाणघेवाण शेअर्ड फोल्डरमधूनच करावी.