मुरमावरची बॅकलाइन: मुलींच्या कॉलेज संघासाठी बूट, शिनगार्ड, ग्लोव्ह्ज आणि एक दोरी

कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धा बहुतेक वेळा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की सामान आवरायचं. म्हणून चार गोल मारून तीन खाणाऱ्या संघापेक्षा एक मारून एकही न खाणारा संघ लांब जातो. गोल झालाच नाही तरी टायब्रेकर हातात राहतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आधी पुणे शहर विभागातून वर यायचं, मग आंतरविभागीय स्पर्धेत पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिकशी गाठ. ही वाट बचावाच्या, म्हणजे मागच्या चौघींच्या बॅकलाइनच्या जोरावर चालायची असेल तर सामान कोणतं घ्यावं आणि पैसे कशात घालू नयेत, एवढंच या परीक्षणात पाहू. दुकानात गेलं की बोलणं स्ट्रायकरच्या चकचकीत बुटापासून सुरू होतं. इथे ते बचावातली मधली स्टॉपर, कडेची साइड बॅक आणि कीपर यांच्यापासून सुरू होईल.

सगळ्यात आधी तळवा. पुण्यातल्या कॉलेजांची बरीच मैदानं मुरमाची आहेत. ऑक्टोबरनंतर ती टणक होत जातात आणि वर सुट्ट्या खड्यांचा पातळ थर राहतो. अशा जमिनीवर एफजी, म्हणजे गवतासाठीचे दहा-बारा उंच स्टड असलेले बूट घातले, तर स्टड जमिनीत शिरतच नाहीत. सगळं वजन त्या मोजक्या टोकांवर तोललं जातं, टाच आणि चवडा ठणकायला लागतात आणि वळताना पाय खड्यांवरून सरकतो. तरी दुकानात सगळ्यात जास्त हेच बूट मांडलेले असतात आणि मुली तेच घेतात, कारण ते ‘खऱ्या फुटबॉलचे’ दिसतात.

स्ट्रायकरचा पाय सरकला तर एक संधी जाते. डिफेंडरचा सरकला तर गोल होतो. साइड बॅक विंगरसमोर, म्हणजे कडेनं चाल करणाऱ्या खेळाडूसमोर, उभी राहते तेव्हा तिचं अंग तिरकं असतं, गुडघे किंचित वाकलेले, वजन चवड्यावर, मधे जेमतेम दीड हाताचं अंतर. ती टॅकल करत नाही, छोटी छोटी पावलं टाकत मागे सरकत विंगरला साइडलाइनकडे ढकलत नेते. या हालचालीत मागचा पाय दर पावलाला ब्रेकचं काम करतो. तो अर्धा वीत जरी घसरला तरी वजन टाचेवर जातं, आणि टाचेवर उभी असलेली मुलगी वळू शकत नाही. बघणाऱ्याला वाटतं विंगर वेगानं निघून गेली. खरं तर डिफेंडरच्या पायाखालची पकड गेलेली असते. सामना संपल्यावर तिथला मुरूम बघा: चांगल्या पकडीच्या बुटाचे ठिपके एकापुढे एक उमटलेले असतात, चुकीच्या बुटाचे बोटभर लांब ओरखडे.

म्हणून कोरड्या मुरमासाठी आमचं मत ठाम आहे: टीएफ, म्हणजे टर्फचे बूट घ्या. खाली रबराचे बुटके, दाट दाणे असतात, वजन पूर्ण तळव्यावर पसरतं आणि खड्यांवरही रबर धरून ठेवतं. साधारण हजार ते दोन हजार रुपयांत चालण्याजोगा जोड मिळतो. घेताना दोन गोष्टी तपासा. बूट दोन्ही हातांत धरून वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे, मधल्या कमानीत नाही. मग पुढच्या टोकाला वरचा भाग आणि तळवा जिथे जुळतो तिथे शिवण आहे का ते बघा. नुसता चिकटवलेला तळवा मुरमावर आधी याच जागी उघडतो, कारण क्लिअरन्स, म्हणजे चेंडू गोलपासून लांब फटकावताना हाच भाग जमिनीला घासतो. नवीन बूट चांभाराकडून पुढच्या अर्ध्या भागात शिवून घेतला तर पूर्ण हंगाम निघतो.

टीएफ पावसात मात्र हरतो. काळ्या मातीच्या चिखलात दाण्यांमधल्या फटी भरतात आणि तळवा गुळगुळीत होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गवत उगवलेल्या, ओल्या मैदानावर साचेबंद गोल स्टडचे बूट हवेत. पात्यासारखे चपटे स्टड नकोत, कारण वळताना ते जमिनीत अडकतात आणि पीळ गुडघ्यावर येतो. मुलींमध्ये गुडघ्याच्या पुढच्या लिगामेंटची, म्हणजे एसीएलची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यामुळे ही बाब हलक्यात घेण्यासारखी नाही. सहा धातूचे स्टड असलेले एसजी बूट कॉलेजच्या संघाला लागतच नाहीत. दोन जोड परवडत नसतील तर टीएफ घ्या आणि पावसाळ्यात खिशात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवा. प्रत्येक थ्रोइनला दाण्यांतला चिखल काढता येतो.

बूट गुडघा वाचवत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी ‘फिफा ११+’ हा वॉर्म-अप आहे: 15 व्यायाम, तीन भाग, जेमतेम 20 मिनिटं, फुकट. पहिल्या भागात सावकाश पळणं, दुसऱ्यात ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगात पळणं आणि वळणं. आठवड्यातून किमान दोनदा तो पूर्ण करायचा असतो. बहुतेक संघ दुसरा भाग गाळतात, आणि नेमका तोच गुडघ्याच्या कामाचा आहे. उडीवरून उतरताना गुडघे आत झुकत असतील तर तिथेच थांबवून दुरुस्त करा.

मापाचा घोळ मुलींच्या वाट्याला जास्त येतो. अनेक दुकानांत मोठ्यांचे बूट सहा नंबरापासून सुरू होतात, आणि चार-पाच नंबरवाल्या मुलीला एकतर लहान मुलांचा जोड मिळतो किंवा मोठा बूट दोन मोज्यांसकट. दोन मोजे हा उपाय नाही. आत पाय हलतो, टाच उचलली जाते आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला टाचेवर फोड घेऊन उतरावं लागतं. लहान मुलांचा बूट बसत असेल तर त्याचा तळवा फार मऊ नाही ना, एवढं बघून तो बिनधास्त घ्या, स्वस्तही पडतो. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सामन्याचे स्टॉकिंग्ज आणि नडगीवरचे शिनगार्ड सोबत न्या. पुढे अर्ध्या ते पाऊण सेंटिमीटरची जागा हवी, त्याहून जास्त नको. डेक्कनच्या किंवा कॅम्पातल्या दुकानात पूर्ण संघाची खरेदी एकदम असेल तर मापांची यादी आधी कळवून चार-पाच नंबर मागवून घ्या. ऐन वेळी मिळत नाहीत.

भाड्याच्या टर्फबद्दल, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानांबद्दल थोडं. बाणेर, वाकड, खराडी, कोंढवा, जिकडे बघावं तिकडे जाळीतले टर्फ आहेत. एकास-एक बचाव, कीपरचा सराव, पहिल्या स्पर्शाचा सराव यांसाठी तासाचे पैसे वसूल होतात आणि टीएफ बूट तिथे बरोबर चालतो. पण बॅकलाइन तिथे तयार होत नाही. रुंदी इतकी कमी की चौघींना अंतर राखायची गरजच पडत नाही, आणि जाळीवर आपटून परत येणारा चेंडू चुकीची सवय लावतो: खऱ्या मैदानावर तो बाहेर जातो आणि थ्रोइन मिळतो. आठवड्यातून एक टर्फ पुरे, बाकी सराव मैदानावरच.

आता शिनगार्ड. फुटबॉलच्या नियम 4 प्रमाणे ते सक्तीचे आहेत आणि स्टॉकिंगनं झाकलेले हवेत. नियमात आकार सांगितलेला नाही, म्हणून तळहाताएवढे चिमुकले गार्ड घालायची फॅशन आली आहे. स्ट्रायकरनं घालावेत, स्टॉपरनं नाही. गार्ड घोट्याच्या वळणापासून तीन बोटं वर सुरू व्हावा आणि गुडघ्याच्या वाटीखाली तीन-चार बोटांवर संपावा. बाहेरून कडक कवच आणि आतून फोम, आणि ते धरून ठेवणारी वेगळी कापडी बाही. ही रचना सगळ्यात चांगली. घोट्याला पट्टा असलेला प्रकार सुरक्षित वाटतो, पण तो बुटात जागा खातो आणि बूट अर्धा नंबर मोठा घ्यावा लागतो. म्हणून नको. स्टॉकिंगवरून टेप लावत असाल तर तो स्टॉकिंगच्याच रंगाचा हवा.

याच नियमात मुलींचे संघ आणखी दोन ठिकाणी अडकतात. शॉर्ट्सखालची टाइट्स शॉर्ट्सच्या मुख्य रंगाची किंवा तिच्या खालच्या काठाच्या रंगाची असावी लागते, आणि पूर्ण संघाचा रंग एकच. अकराजणींच्या अकरा रंगांच्या लेगिंग्ज असतील तर रेफरी बाहेर पाठवणार. दागिना कोणताही चालत नाही. नाकातली चमकी टेपनं झाकूनही नाही. चमकी घट्ट बसलेली असेल तर ती आदल्या दिवशी सोनाराकडून काढून घ्या, सामन्याआधी पाच मिनिटं ओढाताण करू नका. आणि हेडरला उड्या मारणाऱ्या स्टॉपरला चांगला आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा ही बुटाइतकीच गरजेची आहे. संघाच्या खर्चात तिची ओळ असावी, लाजून वगळू नये.

कीपरच्या ग्लोव्ह्जवर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. महागड्या जोडाच्या तळव्यावरचा मऊ लॅटेक्स ओल्या गवतावर अप्रतिम पकडतो, आणि मुरमावर दोन-तीन सामन्यांत सोलवटून निघतो. म्हणून सरावाला जाड, थोडा कडक तळवा असलेला स्वस्त जोड आणि सामन्याला मऊ लॅटेक्स, अशी विभागणी करा. माप असं: अंगठा सोडून बोटांच्या सांध्यांवरून तळहाताचा घेर इंचांत मोजा, पुढचा पूर्ण आकडा धरा आणि त्यात एक मिळवा. घेर साडेसहा आला तर सात, अधिक एक, म्हणजे आठ नंबर. नवीन ग्लोव्ह्ज कोमट पाण्यात हलके चोळून धुवा, वरचा साठवणीचा थर निघाल्याशिवाय पकड येत नाही. सामन्याआधी तळवे ओले करा. उन्हात वाळवू नका. आपल्या एप्रिलच्या उन्हात गच्चीवर टाकलेला लॅटेक्स कडक होऊन तडकतो. सावलीत, तळवे एकमेकांना न चिकटवता ठेवा. ग्लोव्ह्ज फाटायचं मोठं कारण चेंडू नसून उठणं आहे: डाइव्हनंतर तळवा जमिनीवर टेकून उठलं की मुरूम लॅटेक्स खरवडतो. मूठ टेकून उठायची सवय लावा. सोबत कोपर-गुडघ्याला पॅड असलेले कपडे घ्या, नाहीतर कीपर डाइव्ह मारायलाच कचरते.

चेंडू पाच नंबरचा, घेर 68 ते 70 सेंटिमीटर, वजन 410 ते 450 ग्रॅम. हवा 8.5 ते 15.6 पीएसआयमध्ये चालते, आणि ही मर्यादा फार रुंद आहे. वरच्या टोकाला भरलेला चेंडू टणक मुरमावर स्टॉपरच्या डोक्यावरून उडतो. सरावाला दाबमापक असलेला पंप ठेवा आणि दोन्ही टोकांच्या हवेवर उसळीचा अंदाज घ्या. लांब चेंडू आला की पहिला टप्पा पडू द्यायचा नाही, हवेतच हेडर किंवा क्लिअरन्स. मुरमावर हा नियम मोडला की बहुतेक वेळा मागे पळावं लागतं.

आणि शेवटची वस्तू हार्डवेअरच्या दुकानातली: 8 मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी, 26 मीटर. एक मीटर सोडून पहिली गाठ, मग 8, 8 आणि 8 मीटरवर आणखी तीन. चार गाठी, चार डिफेंडर, प्रत्येकीच्या मुठीत एक. मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायची नाही, पडल्यावर इजा होते. समोर चेंडू उजवीकडे गेला की चौघी उजवीकडे, समोरच्या संघानं तो मागे नेला की चौघी वर. दोरी लोंबली तर कुणीतरी जवळ आली, हिसका बसला तर कुणीतरी मागे राहिली. ओरडून सांगावं लागत नाही, हाताला कळतं. चेंडूवर चालून जाणारी दोरी सोडते आणि उरलेल्या तिघी तिच्यामागे तिरक्या सरकतात. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मग दोरीशिवाय तेच. लांबची विंग मोकळी राहते, ती राहू द्यायची. तिथपर्यंत चेंडू पोचेस्तोवर सरकायला वेळ मिळतो.

अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज फुटबॉलमध्ये 2015 साली पेन स्टेट विद्यापीठानं एनसीएए, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेचे सहाही सामने एकही गोल न खाता जिंकले. अंतिम सामना ड्यूक विद्यापीठाविरुद्ध 1–0. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाची घडण वेगळी: तिथे प्रशिक्षक अँसन डोरन्स यांच्या हाताखाली मागे तिघीच असायच्या आणि स्ट्रायकरच समोरच्या डिफेंडरवर तुटून पडायच्या. 2003 मध्ये त्या 27 पैकी 27 सामने जिंकल्या. दुसरा प्रकार बघायला देखणा आहे, पण त्याला उंच लाइन, म्हणजे आपल्या गोलपासून बरीच पुढे उभी बॅकलाइन लागते, आणि टणक मुरमावर उंच लाइनमागे पडलेला चेंडू कुणालाच थांबवता येत नाही. आपल्या मैदानांवर लाइन पाच-सात मीटर खाली ठेवा आणि कीपरला पेनल्टी एरियाच्या काठापर्यंत पुढे आणा. त्यासाठी तिच्या पायातही टीएफच हवेत. कीपरला जुने बूट देण्याची पद्धत बंद करा.

पैसे तुटपुंजे असतील तर क्रम असा: दोरी, चार डिफेंडर आणि कीपर यांचे टीएफ बूट, सगळ्यांचे शिनगार्ड, सरावाचे ग्लोव्ह्ज, पंप. सामन्याचे ग्लोव्ह्ज विभागातून वर आलात की घ्या, आणि तिथल्या पहिल्या सामन्याच्या किमान आठवडाभर आधी, म्हणजे धुऊन दोन सरावांत हाताला बसतील.