पायमोजे विणण्याचा घरपोच संच : लोकर उत्तम, टाचेची कृती अपुरी

नवरात्र संपता संपता मी पायमोजे विणण्याचा एक संच घरपोच मागवला आणि दिवाळीच्या गर्दीत, फराळ आणि पाहुण्यांच्या पंगती सांभाळत, माझ्या हातची मोज्यांची पहिली जोडी त्यातून विणायला घेतली. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही. अशा धर्तीचे संच आता बऱ्याच ठिकाणी मिळतात, तेव्हा घेताना नेमके काय पाहावे, हे सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

जोडी विणायची होती ती माझ्या सासऱ्यांसाठी. आम्ही जळगावला राहतो. आप्पा रावेर तालुक्यात गावी केळीची बाग पाहतात. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री येते आणि थंडीच्या कडाक्यात केळीला रात्रीचे पाणी द्यावेच लागते. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला आप्पा मध्यरात्री बागेत जातात, तेव्हा गमबुटात साधे सुती मोजे असतात आणि ते दवाने व घामाने ओले झाले की पाय गारठून जातात. लोकरीचा गुण असा की ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब धरून ठेवते. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा प्रत्यक्षात अॅक्रिलिक असतो. तो स्वेटरला चालतो, पण बुटातल्या मोज्याला नाही.

संच 1,450 रुपयांना पडला. त्यात 50 ग्रॅमचे दोन गुंडे, दोन्ही टोकांना अणी असलेल्या 2.5 मिलिमीटर जाडीच्या पाच बांबूच्या सुया, एक बोथट शिवणसुई, खुणेसाठी चार कड्या आणि कृतीचे चार पानी पत्रक होते. धाग्याच्या पट्टीवर 75 टक्के लोकर, 25 टक्के नायलॉन आणि 100 ग्रॅममध्ये 400 मीटर असे छापले होते. नायलॉन असावेच, कारण नुसत्या लोकरीची टाच बुटात घासून लवकर विरते. छापलेले खरे आहे का, हे मी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणतीच्या ज्योतीवर बोटभर धागा धरून पाहिले. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरगळली आणि त्या राखेत नायलॉनचे अगदी बारीक कडक कण लागले. निव्वळ अॅक्रिलिक असते, तर धागा वितळून त्याची काळी टणक गोळी झाली असती. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते. धागा चिमट्यात धरावा आणि खाली पाण्याची वाटी ठेवावी.

मऊपणा, पीळ आणि रंगाचा पक्केपणा या तिन्ही बाबतींत धाग्याला मी पूर्ण गुण देते. तक्रार आहे ती रंगाच्या निवडीबद्दल. नवशिक्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या संचात गडद मरून रंग द्यायला नको होता, कारण रात्री दिव्याच्या उजेडात सुलट टाका कोणता आणि उलट कोणता हे दिसतच नाही आणि निसटलेला टाका शोधताना डोळे शिणतात. फिकट राखाडी किंवा बदामी रंग मागूनच घ्यावा. सुयांपैकी एकीच्या टोकाला बारीक कूस होती व तीत धागा अडकत होता. गुळगुळीत पॉलिशपेपरने घासल्यावर ती सुधारली, पण हे काम गिऱ्हाइकाने करायचे नसते.

घर भरलेले असताना या सुयांचा मोठा प्रश्न म्हणजे त्यांची दोन्ही टोके मोकळी असतात. गावी धनत्रयोदशीला करंज्या तळण्यासाठी उठले आणि परत येऊन पाहते, तर धाकट्या भाच्याने एक सुई ओढून काढली होती व सोळा टाके मोकळे लोंबत होते. त्यानंतर मी मुलांच्या दप्तरातल्या खोडरबराचे छोटे तुकडे करून, काम थांबवताना, ते सुयांच्या टोकांना खोचू लागले आणि मग शेवटपर्यंत एकही टाका निसटला नाही. विक्रेत्याने अशी टोपणे संचातच द्यायला हवीत. त्यांचा खर्च तो काय असणार!

पत्रकात 64 टाके घाला असे सांगितले आहे, पण ते कोणत्या पायासाठी, याचा उल्लेख नाही. तो हिशेब असा : चवड्याभोवती टेप धरून माप घ्यावे आणि मोजा त्याहून सुमारे दहा टक्के कमी विणावा, म्हणजे तो पायाला धरून बसतो. आप्पांच्या चवड्याचा घेर नऊ इंच भरला, म्हणजे मोजा साधारण आठ इंच घेराचा हवा. माझ्या हाताने एका इंचात आठ टाके बसत होते, म्हणून 64 बरोबर जुळले. ज्यांचा हात सैल आहे त्यांनी आधी चार बोटे रुंदीचा नमुना विणून टाके मोजावेत. त्यात एक संध्याकाळ जाते, पण उसवण्याचे श्रम वाचतात.

वरची दोन सुलट-दोन उलट पट्टी आणि पोटरीचा भाग मी भाऊबीजेला माहेरी नंदुरबारला जाताना ताप्ती मार्गावरच्या गाडीत विणला. धरणगाव, अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा अशी स्टेशने जात होती आणि चार सुयांवर गोल फिरणाऱ्या फेऱ्यांना मान वर करून पाहण्याचीही गरज नव्हती. शेजारी बसलेल्या एका आजींनी ‘काय विनी ऱ्हायनी व माय?’ असे विचारून हातातले काम दोन बोटांनी चाचपून पाहिले.

टाचेशी मात्र पत्रकाने पुरती निराशा केली. निम्मे, म्हणजे 32 टाके घेऊन 32 ओळींची पट्टी विणा, इथपर्यंत ठीक आहे. पुढे ‘आता टाच वळवा’ एवढ्यावर विषय संपतो. मूळ परभाषेतल्या कृतीचे ते शब्दशः भाषांतर आहे आणि भाषांतर करणाऱ्याने सुया हातात धरल्या नसाव्यात, असे ते वाचताना वाटते. नंदुरबारला आमच्या आत्याबाईंनी, ज्यांनी आयुष्यभर दोन सुयांवर स्वेटर विणले, माझ्या हातातले काम पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘कागद बाजूला ठेव बरं बेटा. ओंजळ धर. मधले टाके जागेवर राहतील, दोन्ही कडांचे आत येतील.’’

त्यांच्या सांगण्यावरून बसलेली रीत पुढील विणणाऱ्यांसाठी नोंदवते. पहिला टाका न विणता उचलावा, सतरा सुलट विणावेत, दोन टाके एकत्र करावेत, आणखी एक विणावा आणि काम उलटावे. उलट बाजूने एक उचलावा, पाच उलट, दोन एकत्र, एक उलट, पुन्हा उलटावे. यापुढे प्रत्येक ओळीत मधल्या टाक्यांत एकाची भर पडते आणि मागच्या वळणाशी जी फट दिसते, तिच्या दोन्ही बाजूंचा एकेक टाका घेऊन तो जोड करायचा असतो. कडांचे सगळे टाके संपले की सुईवर 18 उरतात आणि समोर टाचेची वाटी तयार झालेली असते. मग पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा-सोळा टाके उचलले की, पावलाच्या वरच्या बाजूला थांबवून ठेवलेले 32 धरून, एकूण 82 होतात. एक फेरी सोडून एका फेरीत दोन-दोन कमी करत गेले की नवव्या घटीला पुन्हा 64. हा हिशेब पत्रकात अर्ध्या पानात सहज मावला असता.

चवड्याच्या टोकाला उरलेले टाके ‘शिवून घ्या’ असेही त्यात आहे. साधे शिवले तर बोटांवर कंगोरा राहतो आणि तो बुटात रुततो. बोथट सुईने टाक्याला टाका विणल्यासारखा जोडावा लागतो.

पहिल्या मोज्याला सतरा दिवस लागले, दुसऱ्याला सहा. जोडी झाल्यावर जवळपास 30 ग्रॅम धागा उरला, तो रफूसाठी ठेवला आहे. मोजे गार पाण्यात, न पिळता धुवून सावलीत वाळवायला सासूबाईंना सांगितले आहे.

साहित्यासाठी मी या संचाला पाचपैकी चार गुण देते आणि पत्रकासाठी एक. ज्यांच्या घरी विणकाम जाणणारे कोणी आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. ज्यांना एकट्याने शिकायचे आहे त्यांनी टाचेची कृती आधी कोणाकडून तरी शिकून स्वतःच्या हाताने करून पाहावी आणि मगच पैसे भरावेत. दत्तजयंतीनंतर गावी गेले तेव्हा आप्पांनी रात्री पाणी देऊन आल्यावर गमबूट काढून पाय माझ्यासमोर धरले. तळवे कोरडे होते आणि डाव्या टाचेवर, जिथे माझा एक जोड सैल राहिला होता, तिथे आत्याबाईंना दाखवण्यासाठी मी खुणेची कडी अडकवून घेतली.